मॅग्डेबुर्ग : दुसऱ्याच्या भरवशावर राखलेली तटबंदी

१६३२ साली एल्ब नदीकाठच्या मॅग्डेबुर्ग नगरात माणसांची मोजदाद झाली, तेव्हा ती ४४९ भरली. वर्षभरापूर्वी त्याच तटाच्या आत सुमारे पंचवीस हजार जीव नांदत होते. २० मे १६३१ या एका दिवसात आणि त्यानंतरच्या लुटीत त्यांपैकी सुमारे वीस हजार प्राणांस मुकले. एकोणीसशेच्या आसपास इमारतींपैकी सतराशे जळून खाक झाल्या. जर्मन भाषेत त्यानंतर ‘मॅग्डेबुर्ग करणे’ असे क्रियापदच रूढ झाले. त्याचा अर्थ कोणास विचारावा लागत नसे.

मराठी वाचकाला हे नाव अपरिचित नाही. हवेचा दाब शिकविताना शालेय विज्ञानात ‘मॅग्डेबुर्गचे अर्धगोल’ येतात. आतील हवा काढून घेतल्यावर दोन्ही बाजूंनी घोडे लावूनही जे विलग होईनात, ते तांब्याचे अर्धगोल. हा प्रयोग करणारा ओटो फोन गेरिके याच नगराच्या कारभारी मंडळाचा सदस्य होता. वेढ्याच्या काळात तो नगरातच होता. शेवटच्या सकाळी तो नगरभवनात उपस्थित होता आणि जे पाहिले ते त्याने पुढे लिहून ठेवले. घोड्यांचे चित्र पुस्तकात उरले. ज्या राखेतून तो माणूस उठला ती राख मात्र पुस्तकात आली नाही.

मॅग्डेबुर्गची कथा सांगण्याची एक ठरीव रीत आहे. तीस वर्षांचे युद्ध म्हणजे धर्मवेड, धर्मवेडाने माणसे आंधळी झाली, कॅथलिक सैन्याने प्रॉटेस्टंट नगर जाळले, आणि त्यातून युरोप शहाणा झाला, ही ती रीत. ती सोयीची आहे. ‘वेड’ हा शब्द उच्चारला की कोणालाच जबाबदार धरावे लागत नाही. राजे सुटतात, सेनापती सुटतात, मंत्री सुटतात, आणि ज्यांनी मदतीचे वचन दिले ते तर सर्वांत आधी सुटतात. प्रत्यक्षात त्या दोन वर्षांतील घटनाक्रम तपासला, तर वेडापेक्षा हिशेबच अधिक दिसतो. तोही थंड डोक्याने केलेला.

प्रतिकार हा अपराध नव्हता

मार्च १६२९ मध्ये सम्राट दुसरा फर्डिनांड याने एक आज्ञापत्र काढले. १५५२ नंतर प्रॉटेस्टंटांच्या ताब्यात गेलेल्या सर्व चर्च-मालमत्ता कॅथलिकांना परत करा, असा त्याचा आशय होता. पाऊणशे वर्षांत उभी राहिलेली घडी लेखणीच्या एका फटकाऱ्याने मोडावयाची होती. मॅग्डेबुर्गचे आर्चबिशपपद तर सम्राटाला आपल्या मुलासाठीच हवे होते. या आज्ञेपुढे मान तुकविली असती तर नगर वाचले असते, असे म्हणणारे विद्वान आजही भेटतात. त्यांचे म्हणणे मान्य करावयाचे, तर ज्याच्या हाती तलवार आहे त्याच्या प्रत्येक फर्मानापुढे गुडघे टेकणे हाच राज्यशास्त्राचा पहिला धडा मानावा लागेल. आपली उपासना, आपला कारभार आणि आपला तट आपल्या हाती राहावा, असे वाटणे हा कोणत्याही नगराचा गुन्हा होऊ शकत नाही.

मॅग्डेबुर्गला हे अनुभवानेही ठाऊक होते. १५५० च्या शरदात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या वतीने सॅक्सनीच्या मॉरिसने या नगराला वेढा घातला होता. वर्षाहून अधिक काळ नगर झुंजले आणि नोव्हेंबर १५५१ मध्ये तह झाला. दंड भरावा लागला, पण उपासना अबाधित राहिली. ‘देवाची कचेरी’ म्हणून त्या काळी या नगराची ख्याती होती. वेढ्याच्या आतून पत्रकांचा पाऊस पडत असे. त्यानंतर १६२९ मध्ये वॉलेनस्टाइनने नगराची कोंडी केली. सहा महिने त्याने वाट अडवून धरली, आणि अखेर आपली शिबंदी आत न घालताच त्याला उठावे लागले.

या दोन्ही प्रसंगांत नगर स्वतःच्या बळावर लढले. त्याहून महत्त्वाचे असे, की बोलणी करावयाची वेळ आली तेव्हा ती नगराने स्वतःच्या तोंडाने केली. केव्हा ताणावयाचे आणि केव्हा सैल सोडावयाचे, हा निर्णय तटाच्या आत होत होता. १६३१ मध्ये नेमके हेच उरले नव्हते.

मित्र आला

जुलै १६३० मध्ये स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ बाल्टिक ओलांडून जर्मन किनाऱ्यावर उतरला. त्याच महिन्याच्या अखेरीस पदच्युत प्रशासक क्रिस्टियान विल्हेल्म वेष पालटून मॅग्डेबुर्गमध्ये शिरला. ब्रांडेनबुर्गच्या राजघराण्यातील हा गृहस्थ. पद गेले होते, पदाची आस गेली नव्हती. त्याच्या आग्रहाने १ ऑगस्टला नगराने स्वीडनशी करार केला. परकीय राजाशी ही उघड हातमिळवणी होती. ब्रांडेनबुर्ग आणि सॅक्सनी ही मोठी प्रॉटेस्टंट राज्ये अजून कुंपणावर बसून होती. मॅग्डेबुर्ग मात्र कुंपण ओलांडून मोकळे झाले.

राजाने काय पाठविले? सैन्य नव्हे, एक अधिकारी. डीट्रिख फोन फाल्केनबेर्ग हा हेसेचा उमराव स्वीडनच्या चाकरीत होता. तो ऑक्टोबरमध्ये नावाड्याच्या वेषात नगरात आला आणि संरक्षणाची सूत्रे त्याच्या हाती गेली. माणूस शूर होता, कर्तबगार होता, आणि आपल्या राजाशी पूर्ण एकनिष्ठ होता. या शेवटच्या गुणातच नगराचे दुर्दैव साठलेले होते. मॅग्डेबुर्ग जितके दिवस टिकेल, तितके दिवस सम्राटाची मुख्य सेना एल्बकाठी अडकून पडेल आणि उत्तरेत राजाला पाय रोवावयास उसंत मिळेल, हे फाल्केनबेर्गला नीट कळत होते. नगराच्या दृष्टीने वेढा म्हणजे जीवनमरण. राजाच्या दृष्टीने तो मिळालेला अवधी होता. दोहोंचे हित काही काळ एका दिशेने चालत होते, एवढेच. एका दिशेने चालणे म्हणजे एकाच मुक्कामी जाणे नव्हे.

गुस्ताव आडोल्फला लबाड ठरविण्याचे कारण नाही. तो दगाबाज नव्हता. तो राजा होता. जानेवारी १६३१ मध्ये त्याने बेरवाल्डे येथे फ्रान्सशी तह केला. फ्रान्सने दरसाल चार लाख थालर द्यावयाचे आणि त्याने तीस हजार पायदळ व सहा हजार घोडदळ जर्मनीत राखावयाचे, असे ठरले. फ्रान्सचा सूत्रधार होता रिशल्यू, कॅथलिक चर्चचा कार्डिनल. ज्याने तीनच वर्षांपूर्वी आपल्याच देशातील ला रोशेल हे प्रॉटेस्टंट बंदर उपासमारीने गुडघ्यावर आणले होते, तोच आता कॅथलिक सम्राटाविरुद्ध लढणाऱ्या प्रॉटेस्टंट राजाची थैली भरीत होता. धर्मवेडाचा सिद्धान्त मांडणाऱ्यांनी या एका तहाचे स्पष्टीकरण द्यावे. पॅरिसमध्ये वेड नव्हते, स्टॉकहोममध्येही नव्हते. श्रद्धा खरी होती ती मॅग्डेबुर्गच्या रस्त्यांवर. तिथली साधी माणसे असे मानून चालली होती, की जो आपल्याच प्रार्थना म्हणतो तो आपल्यासाठी धावून येईलच.

पापेनहाइमने नोव्हेंबरपासूनच नगराच्या वाटा आवळल्या होत्या. मार्चच्या अखेरीस बहात्तर वर्षांचा सेनापती टिली मुख्य सेना घेऊन आला. वेढ्याच्या सैन्याचा आकडा पंचवीस हजारांच्या घरात गेला. आत शिस्तीचे शिपाई होते जेमतेम अडीच हजार, बाकी नागरिक. एप्रिलमध्ये राजाने ओडरकाठचे फ्रांकफुर्ट घेतले. टिली वेढा उठवून आपल्या मागे येईल, हा त्याचा होरा होता. टिली हलला नाही. मॅग्डेबुर्गकडे जावयाचे तर ब्रांडेनबुर्गच्या मुलखातून वाट हवी, आणि माघारीसाठी त्याचे किल्ले हवेत. ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर गेओर्ग विल्हेल्म हा राजाचा सख्खा मेहुणा, राणीचा भाऊ. मेहुण्याने किल्ले देण्यास खळखळ केली. मेच्या आरंभी श्पांडाऊ मिळाले, तोही तात्पुरता. पुढे सॅक्सनीने वाट नाकारली. नगर पडले तेव्हा राजा पोट्सडामजवळ होता. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. चालून गेले तर चार-पाच दिवसांचे.

लायप्झिगची परिषद

याच काळात, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल १६३१, जर्मनीतील प्रॉटेस्टंट सत्ताधीश लायप्झिगमध्ये बसले होते. अध्यक्षस्थानी सॅक्सनीचा इलेक्टर योहान गेओर्ग. मॅग्डेबुर्गपासून हे नगर काही महासागरापलीकडे नव्हते. तिथे तोफा धडधडत असता इथे मसुदे होत होते. परिषदेने काय ठरविले? सम्राटाला निवेदन द्यावयाचे, अन्यायाबद्दल तक्रार करावयाची, आणि चाळीस हजारांची सेना उभारावयाची. मात्र ही सेना ना सम्राटाच्या बाजूची, ना स्वीडनच्या. तटस्थ! वेढलेल्या नगरासाठी या सेनेची एक तुकडीही निघाली नाही.

बोटचेपेपणालाही पुष्कळदा मुत्सद्देगिरीचे वस्त्र नेसविले जाते. योहान गेओर्ग सम्राटाला दुखवू इच्छीत नव्हता, परकीय राजाला घरात घेऊ इच्छीत नव्हता, आणि आपल्या पंथाचा कैवारी हा किताबही सोडू इच्छीत नव्हता. तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात असे त्याला वाटत होते. त्या साधण्याची किंमत तो स्वतः देत नव्हता, म्हणूनच तसे वाटत होते.

तटाच्या आत

परंतु सगळे खापर बाहेरच्यांवर फोडून मोकळे होता येत नाही. नगरात एकी नव्हती. वॉलेनस्टाइनच्या कोंडीनंतर जुने कारभारी मंडळ हटवून नवे आणले गेले होते. हटलेल्यांच्या मनात सल होता. स्वीडनशी केलेला करार काहींना गळफास वाटत होता, काहींना जीवनदोर. प्रार्थनास्थळांतून धर्मोपदेशक सांगत होते, की या नगरावर देवाचा हात आहे. १५५१ ची आठवण अभिमानाची होती, पण तिचे रूपांतर आता ‘आपले नगर पडूच शकत नाही’ अशा भ्रमात झाले होते. आजोबांचा पराक्रम नातवाच्या दारूगोळ्यात मोजता येत नाही. तटावरची बंदुकीची दारू संपत आली होती.

त्याहून खेदाची गोष्ट पहाऱ्यावर दिसत होती. गोरगरीब नागरिकांची तक्रार अशी, की तटावर उभे राहावयाचे आम्ही, मरावयाचे आम्ही, आणि धनिक घरी स्वस्थ पडून सुखाने जेवतात, आपल्या जागी भाडोत्री माणूस उभा करून देतात. ज्यांच्या पेढ्या, गुदामे आणि वाडे त्या तटामागे होते, त्यांनाच तट जड झाला होता. वेढ्यातील नगरात हा प्रश्न फक्त न्यायाचा राहत नाही. भाडोत्री माणूस पहाटे पेंगतो, आणि ते पेंगणे पुढे कोणास भोवते हे त्या पहाटे दिसावयाचेच होते.

१८ मे रोजी टिलीचा शिंगाड्या शेवटचे पत्र घेऊन आला. शरण या, अन्यथा परिणाम भोगा. त्या काळच्या युद्धनीतीत याचा अर्थ स्पष्ट होता : जे नगर शरण येण्यास नकार देते आणि हल्ल्याने घेतले जाते, ते सैनिकांच्या लुटीला मोकळे. टिलीची सेना महिनोन्महिने पगाराविना होती, उपाशी होती. दाराशी कोण उभे आहे हे नगराला ठाऊक होते. मंडळाचा कल बोलण्यांकडे झुकला. पण बोलणी आता मंडळाच्या हाती कुठे होती? फाल्केनबेर्गची संमती हवी होती. २० मेच्या पहाटे मंडळ नगरभवनात जमले. फाल्केनबेर्ग आला आणि बोलू लागला. राजाची मदत जवळ आली आहे, एकेक तास मोलाचा आहे, तेवढे टिकून राहा, असा त्याचा रोख होता. तो बोलत राहिला.

तिकडे तटावर रात्रीचा पहारा संपला म्हणून निम्मे लोक झोपण्यासाठी घरी गेले होते. रात्र निभावली, आता उजाडले, या समाधानात. सकाळी सातच्या सुमारास पापेनहाइमची माणसे उत्तरेकडील बुरुजावर शिड्या लावून चढली. गेरिके नगरभवनातून बाहेर पडला तो त्याला कोळ्यांच्या आळीत क्रोएशियन शिपाई घरे लुटताना दिसले. त्याने परत येऊन वर्दी दिली. फाल्केनबेर्ग धावत सुटला, लढला आणि गोळी लागून पडला. त्याच्या शौर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. नगरासाठी मरण पत्करणारा आणि नगराच्या वतीने ‘नाही’ म्हणणारा तो एकच माणूस होता. पहिल्या गोष्टीचा त्याला अधिकार होता. दुसरीचा कोणी दिला?

आग कोणी लावली

यानंतर जे झाले त्याचे वर्णन विस्ताराने करण्यात अर्थ नाही. घराघरांतून पैसे मागितले गेले. दिलेले संपले की माणूस मारला गेला, आणि मागून येणारी टोळी पुन्हा मागू लागली. स्त्रिया आणि मुले यांना वेगळा न्याय नव्हता. दुपारपर्यंत वाऱ्याने आग पसरली आणि रात्रीपर्यंत नगर उरले नाही. दगडी कॅथेड्रल, एक मठ आणि काही घरे तेवढी वाचली. कॅथेड्रलमध्ये लपलेल्या सुमारे हजार जणांना टिलीने जीवदान दिले. त्यानंतर त्याच वास्तूत विजयाची उपासना झाली. प्रेतांना पुरावयास माणसे नव्हती; ती एल्बमध्ये लोटण्यात आली.

टिलीचे वकील त्या काळीही होते, नंतरही झाले. त्यांचे म्हणणे असे, की नगर शत्रूच्या हाती पडू नये म्हणून फाल्केनबेर्गनेच आग लावण्याची व्यवस्था करून ठेवली होती. टिलीला तर नगर अखंड हवे होते, सेनेच्या तळासाठी. यातील शेवटची गोष्ट खरी आहे. जळके मॅग्डेबुर्ग टिलीच्या कामाचे नव्हते. पण रक्षकांना हुसकण्यासाठी काही घरे पेटवून देण्याचा हुकूम पापेनहाइमच्या बाजूने सुटला होता, हेही तितकेच खरे. आणि ठिणगी कोणाचीही असो, आग विझविण्याऐवजी लुटीत गुंतलेले पंचवीस हजार हात कोणाचे होते? आगीने घरे जाळली असतील, पण माणसांचे गळे काही वाऱ्याने चिरले नाहीत. सेनापतीला सेना आवरता आली नाही, ही सबब नव्हे. तेच त्याच्यावरचे आरोपपत्र आहे. स्वतः पापेनहाइमने वीस हजारांहून अधिक माणसे गेल्याचे पत्रात लिहिले आणि जेरुसलेमच्या विध्वंसाची उपमा दिली. त्या पत्रात खेद नाही.

मेल्यानंतर आलेली मदत

मॅग्डेबुर्ग जिवंत असता त्याच्यासाठी कोणी फारसे लिहिले नाही. मेल्यावर त्याच्यावर दोनशेहून अधिक पत्रके निघाली. नगराच्या चिन्हात एक कुमारिका होती. तिच्यावरून रूपके रचली गेली. एका बाजूने वृद्ध टिलीचे ‘लग्न’ लागले, दुसऱ्या बाजूने विटंबित कन्येसाठी अश्रू ढाळले गेले. चित्रे विकली गेली, नकाशे विकले गेले. गुस्ताव आडोल्फने एक खुलासा प्रसिद्ध केला. त्यात दोष कोणाचा? वाट न देणाऱ्या इलेक्टरांचा, आणि स्वतः नगराचा. राजाने जे ठरविले होते त्यात चूक निघाली नाही. राजांच्या खुलाशांत ती सहसा निघतही नाही.

पुढे युद्धात शरण येऊ पाहणाऱ्या कॅथलिक सैनिकांना मारताना ‘मॅग्डेबुर्गची दया’ असा पुकारा होऊ लागला. मेलेल्या नगराच्या नावाने आणखी माणसे मेली. त्यांत मॅग्डेबुर्ग जाळणारे किती होते, याची चौकशी कोणी केली नाही.

ब्रांडेनबुर्गने जूनमध्ये राजाशी करार केला, तो मॅग्डेबुर्गच्या धक्क्याने कमी आणि राजाने बर्लिनसमोर तोफा आणून उभ्या केल्या म्हणून अधिक. सॅक्सनीची तटस्थता सप्टेंबरमध्ये संपली. टिलीची सेना खुद्द सॅक्सनीत शिरली तेव्हा योहान गेओर्गला पंथाचा कळवळा दाटून आला. १७ सप्टेंबरला ब्राइटेनफेल्ड येथे स्वीडन व सॅक्सनीच्या फौजांनी टिलीला धुळीस मिळविले. सॅक्सनीचे शिपाई तर लढाईच्या आरंभीच पळाले, हा भाग वेगळा. रणभूमी लायप्झिगच्या वेशीवर होती, जिथे पाच महिन्यांपूर्वी निवेदनाचा मसुदा तयार झाला त्याच लायप्झिगच्या.

एप्रिल १६३२ मध्ये टिली जखमी होऊन मेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ल्युट्झेनच्या धुक्यात गुस्ताव आडोल्फ पडला, आणि पापेनहाइमही त्याच लढाईत प्राणघातक जखमी झाला. युद्ध आणखी सोळा वर्षे चालले. १६४८ च्या तहात स्वीडनला पोमेरानियाचा मोठा भाग आणि पन्नास लाख थालर मिळाले, फ्रान्सला आल्सासमधील हक्क मिळाले.

क्रिस्टियान विल्हेल्मचे काय झाले? ज्याच्या शब्दावर नगराने करार केला, तो हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. बंदिवासातच १६३२ मध्ये त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला. १६३५ च्या प्राग येथील तहात त्याला मॅग्डेबुर्गच्याच महसुलातून वार्षिक नेमणूक बांधून देण्यात आली. जळालेल्या घरांच्या धन्यांना त्या तहात काही मिळाल्याची नोंद नाही.

गेरिके खंडणी भरून सुटला आणि परतला. त्याने नगराचे नवे आराखडे काढले, पूल उभारले, १६४६ मध्ये तो नगराध्यक्ष झाला. वर्षानुवर्षे तो ओस्नाब्रुकपासून व्हिएन्नापर्यंत दरबार झिजवीत राहिला. मागणी एकच : मॅग्डेबुर्ग कोणा राजाचे अंकित नव्हे, स्वतंत्र नगर म्हणून मान्य व्हावे. हवेच्या दाबाचे प्रयोग त्याने याच धावपळीत केले. प्रयोग पाहून सम्राट आणि राजपुत्र थक्क झाले. मागणी मात्र मान्य झाली नाही. १६६६ मध्ये ब्रांडेनबुर्गची फौज दाराशी आली आणि नगराने न लढता तिची शिबंदी आत घेतली, निष्ठेची शपथ वाहिली. १६८० मध्ये सारा मुलूख ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरकडे गेला. हा इलेक्टर गेओर्ग विल्हेल्मचा, १६३१ च्या वसंतात किल्ल्यांच्या किल्ल्या देताना खळखळ करणाऱ्या त्या मेहुण्याचा मुलगा. पुढल्या वर्षी वृद्ध गेरिके नगर सोडून हॅम्बुर्गला आपल्या मुलाकडे गेला. १६८६ मध्ये तो तिथेच वारला.